शिवदासच्या वज्र्या

शिवदासचं वेल्डिंग ममता अक्षरासारखं ओळखायची. काशीमिऱ्याच्या नाक्यावर सायलेन्सर जोडणारे वीसेक जण असतील. बाकीच्यांचे टाके गोधडीला घातल्यासारखे. शिवदासची ओळ मात्र शिलाई मशीनवर टीप मारल्यासारखी, बारीक आणि एकसारखी, शेवटाला किंचित उजवीकडे वळलेली. शाळेत असतानाही त्याच्या वहीतल्या ओळी अशाच उजवीकडे वळायच्या. मास्तरांनी त्यासाठी छड्या मारल्या, पण वळण गेलं नाही. पुढे नववीत शाळाच गेली आणि वळण राहिलं.

त्यामुळे २००५ सालच्या दिवाळीच्या आठवडाभर आधी, पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यातल्या आपल्या पत्र्याच्या केबिनबाहेर ती एका निळ्या गाडीखाली वाकली, तेव्हा तिला मालकाला काही विचारावं लागलं नाही.

ममता पीयूसी सेंटर चालवायची. गाडीच्या धुराची तपासणी करायची, आकडा मर्यादेत असेल तर सहा महिन्यांचं प्रमाणपत्र द्यायचं, नसेल तर परत पाठवायचं. केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झालेली ती मुर्धा गावातली त्यांच्या घरची पहिली मुलगी. लग्न झालं, मुलगी भूमिका झाली, एका कारखान्यातली लॅबची नोकरी कारखान्यासकट गेली, आणि मग तिने हे लायसन्स काढलं. केबिनमध्ये एक मशीन, एक प्रिंटर, एक पंखा आणि भिंतीला नियमांचा कागद. तो कागद ती सोडून कुणी वाचत नसे.

निळी गाडी पूनम सागरमधल्या ईश्वरकाकांची. काका गिरगावातून इकडे राहायला आलेले, टपाल खात्यातून निवृत्त. निवृत्तीनंतर घेतलेली ही पहिली आणि त्यांच्या मते शेवटची गाडी.

मशीनची नळी गाडीच्या धुराड्यात घातली होती आणि आकडा एक पूर्णांक नऊवर जाऊन बसला होता. काकांच्या गाडीसारख्या नव्या गाड्यांना अर्ध्या टक्क्याची मर्यादा. ममताने दोनदा तपासलं. मग पान्याने गाडीखालचा डबा वाजवला. तो रिकाम्या कळशीसारखा वाजला.

"काका, नापास."

"अगं, अडुसष्टाव्या वर्षी नापास करतेस? घरी काय तोंड दाखवू?"

"गाडी नापास आहे. तुम्ही पास."

"पण गाडी तर कशी पळतेय बघ. सव्वीस जुलैच्या पुरात दोन दिवस पाण्यात होती बिचारी. त्यानंतर चढावर जीव जायचा तिचा. मग काशीमिऱ्याला एकाने जाळी साफ करून दिली. माणूस चोख. हातात जादू आहे त्याच्या."

"नाव काय त्यांचं?" ममताने माहीत असूनही विचारलं.

"शिवदास. तू ओळखतेस?"

ममताने नळी गुंडाळली. "ऐकलंय," ती म्हणाली.

काकांचं जुनं प्रमाणपत्र दहा नोव्हेंबरपर्यंत चालणार होतं. भाऊबीज झाली की या, मी कुठे काय बदलायचं ते सांगते, असं म्हणून तिने त्यांना वाटेला लावलं. मग स्टुलावर बसून ती बराच वेळ पंख्याकडे बघत राहिली. गेल्या दोन महिन्यांत अशा चार गाड्या आल्या होत्या. चारही पुरातल्या, चारही चांगल्या पळणाऱ्या, चारही नापास. त्या वेळी तिने इंजिनाला दोष दिला होता. खाली वाकून टाके बघायचं तिला सुचलं नव्हतं, की बघायचं नव्हतं, हे तिचं तिलाच ठाऊक.

*

शिवदास ममताचा भाऊ, तिच्याहून सात वर्षांनी मोठा. वडील मिठागरावर. आगरं जसजशी बंद पडत गेली तसा घरातला पैसा आटत गेला, आणि नववीतला शिवदास एक दिवस दप्तराऐवजी डबा घेऊन काशीमिऱ्याच्या गॅरेजात गेला. तेव्हापासून त्याने पत्रा आणि पाइप सोडून कशाला हात लावला नाही. ममताला अकरावीला सायन्सला घालायचं ठरलं तेव्हा भाऊकीतले लोक बोलले, पोरीच्या जातीला कशाला. शिवदास मात्र संध्याकाळी लॅबमध्ये घालायचा पांढरा कोट घेऊन आला. तो दोन मापं मोठा होता. "वाढंल ती," एवढंच म्हणाला. ममता तेवढी कधी वाढली नाही. तीन वर्षं बाह्या दुमडून तिने तो कोट घातला.

आता त्याचं स्वतःचं दुकान होतं, वर पाटी, हाताखाली दोन कारागीर. हायवेवरचे ट्रकवाले वसईच्या पलीकडून त्याला शोधत यायचे. त्याच्याकडून गेलेली गाडी परत आली नाही, असं नाक्यावर म्हणायचे. त्याची सगळी कमाई म्हणजे हे एक वाक्य.

तिने त्याला फोन लावला. मागे ग्राइंडरचा आवाज होता.

"दादा, गाड्यांच्या जाळ्या काढतोस तू?"

"तुंबलेल्या काढतो. का?"

"काढून काय बसवतोस?"

"काय बसवणार? डबा कापायचा, जाळी काढायची, डबा परत जोडायचा. गाडी मोकळी. सव्वीस जुलैला सगळ्या मीरा रोडने गटाराच्या जाळ्या काढल्या तवा पाणी उतरलं. गाडीचं पण तसंच हाय."

"दादा, ती जाळी नाहीये. तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे."

"तू बीएस्सी. मी म्हणतो जाळी."

"त्या गाड्या माझ्याकडे नापास होतायत."

ग्राइंडर थांबला. शिवदास म्हणाला, "किती?"

"आतापर्यंत पाच. तू किती केल्यास?"

"मोजल्या न्हाय." मग आवाज खाली आणून, "ममते, ती नळी असते ना तुझी, जरा बाहेर ओढून ठेव. हवा आत गेली की आकडा खाली येतो. बाकीचे करतात. मला काय म्हाइत न्हाय व्हय?"

तिला माहीत होतं बाकीचे करतात ते. नळी चार बोटं बाहेर ओढली की कुठलीही गाडी पास होते. कुणी बघत नाही, कुणी विचारत नाही. सापडलं तर लायसन्स जातं, पण सापडायची भीती तिला त्या क्षणी वाटली नाही. भूमिकाला रोज स्कूटरवर मागे बसवून ती काशीमिऱ्याच्या सिग्नलला थांबायची. पोर रुमाल नाकाशी धरून तिच्या पाठीत डोकं खुपसायची, आणि दर ऑक्टोबरला तिचा खोकला दिवाळीपर्यंत मुक्कामाला यायचा. तिच्या पाठीला त्या डोक्याची जागा पाठ होती.

"मला नाही जमणार दादा."

"गिऱ्हाइकाला काय सांगशील? कुणी केलं म्हणून?"

"मी नाव घेतलं नाही."

"न घेता कळंल. नाक्यावर माझं नाव जाईल, ममते. ते एकदा गेलं की वेल्डिंग करून जोडता येत न्हाय." आणि फोन ठेवताना, "भाऊबीजेला ये. आई वाट बघते."

*

भाऊबीजेला ममता भूमिकाला घेऊन मुर्ध्याला गेली. नवऱ्याला दुकानातून सुट्टी नव्हती. वाटेवर दोन्ही बाजूंना आता इमारतींचे खांब उभे राहत होते, पण गावात शिरलं की खारा वास अजून यायचा.

आई, शांतीबाई, ओट्यावर बसून नारळ खवत होती. शिवदास अजून दुकानातून यायचा होता. "हातपाय धून ये, मंग चा पी," आई म्हणाली.

ममता मागच्या मोरीत गेली. पायांवर पाणी घेतलं आणि सवयीने टाच घासायला वज्री उचलली. हाताला ती हलकी लागली. तिने उजेडात धरली. कपड्याच्या साबणाच्या मोठ्या वडीएवढा करडा तुकडा, सगळा चौकोनी बारीक भोकांचा. मधाच्या पोळ्यासारखा, पण पोळ्याहून कितीतरी बारीक. आरपार दिसत होतं. एका बाजूला टाचेचं पांढरं लागलेलं.

तिने मोरीतूनच हाक मारली.

"आई, ही कुठून आणलीस?"

"शिवदासनी दिली. काय भारी हाय. मिठान फाटलेली टाच, चाळीस वर्साची, लोन्यावानी झाली. गल्लीन सगल्यांना दिल्यान त्यानी. मंदाला दिली, सुगंधाला दिली, तिच्या सुनेला दिली."

म्हणजे गल्लीतल्या जितक्या बायकांच्या टाचा मऊ, तितक्या गाड्या धूर सोडत फिरतायत. ममता मोरीच्या कठड्यावर बसली आणि हसायला लागली. मग तिचं हसू मधेच कुठेतरी अडकलं.

"काय झालं ग?" आईने विचारलं.

"काही नाही. ती नको घासू पायांना. गाडीतली घाण आहे त्यात."

*

शिवदास आला, आंघोळ करून पाटावर बसला. ममताने ओवाळलं. कुंकू लावताना दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. त्याने ताटात साडी ठेवली, मग पाटावरून न उठता म्हणाला, "दर साली मी देतो. ह्या साली तू दे. सतरा गाड्या हायत. आज मोजल्या, डायरीतून. एक बारी सगळ्या पास कर. परत मी जाळी काढणार न्हाय, गणपतीची शपथ."

ममताने ताट खाली ठेवलं, मोरीतून तो करडा तुकडा आणला आणि ताटात, सुपारीशेजारी ठेवला.

"ही एक," ती म्हणाली. "बाकीच्या सोळा गल्लीत आहेत."

शिवदास ओशाळला. "टाकून कशाला द्यायच्या? चांगल्या हायत."

"त्या चांगल्या आहेत म्हणूनच म्हणते. दादा, ही तुंबली म्हणून तुला कचरा अडवणारी जाळी वाटली. ही काही अडवत नाही. हिच्या भोकांना आतून औषध लावलेलं असतं. विषारी धूर त्यातून जाता जाता बदलतो, साधा होऊन बाहेर पडतो. काढून टाकलीस की धूर जसा इंजिनातून निघतो तसाच लोकांच्या नाकात."

"पन गाडी पळते."

"पळते ना. म्हणूनच कायदा पळण्याचा आकडा नाही विचारत, धुराचा विचारतो. गाडी ज्या दर्जाची म्हणून रस्त्यावर आली, रस्त्यावर असेपर्यंत त्याच दर्जाची राहिली पाहिजे. जबाबदारी मालकाची. ईश्वरकाकांना माहीत पण नाही की त्यांचा डबा रिकामा आहे. पकडलं तर त्यांना पकडणार."

ही गोष्ट त्याला लागली. तो मांडी बदलून बसला. "शोरूमचा नवा डबा घ्यायचा म्हटलं तर काकांना गाडी विकायला लागंल. मार्केटात स्वस्त मिळतो. भायेरून डिट्टो तसा."

"आणि आत?"

"आत काय." त्याने मान खाजवली. "आत हवा."

भूमिका खुदकन हसली. शिवदासही हसला, पण ममता हसली नाही.

"शोरूमचाच घे असं मी कुठे म्हटलं? दुसऱ्या कंपनीचा चालेल. फक्त त्याच मॉडेलसाठी बनवलेला पाहिजे, तपासणीत मान्य झालेला, तसा कागद बरोबर असलेला. आणि बसवल्यावर मशीनवर आकडा खाली आला पाहिजे. तुझ्या टाक्यांवर माझा भरवसा आहे, डब्यात काय आहे त्यावर नाही."

"कागद, कागद. तू भिंतीवर कागद लावून बसलीस. मला सांग, अडवलेली वाट मोकळी केली तर पाप कसं? आपला बा जन्मभर काय करायचा? उघाडी उघडायचा, पाणी सोडायचा."

उघाडी म्हणजे खाडीचं पाणी आगरात घ्यायचं दार. वडील भरतीचा अंदाज घेऊन ते उघडायचे. उत्तर चुलीकडून आलं.

"उघडायचा आनी बंद पन करायचा," शांतीबाई म्हणाली. खोबरं खवणं तिने थांबवलं नव्हतं. "मना काय तुमच्या गाडीतला कलत न्हाय. पन मी नवी नवरी व्हते तवा तुज्या बाला बोलले, येवरे बांध कशाला घातलेत? ह्या वाफ्यातून त्या वाफ्यान, त्यातून तिसऱ्यान, पानी नुसता रखरत रखरत जाते. सरल सोरा ना, लवकर पोचल. तो हसला. बोलला, सोर. बांध काप. सरल पोचल पानी. पानीच पोचल, शांती, मीठ न्हाय."

तिने खवलेलं खोबरं परातीत सारलं.

"वाफ्यान पानी थांबते म्हनून बदलते," ती म्हणाली. "तू बांध कापलास, शिवदास."

शिवदासने ताटातला तुकडा उचलला. दाराकडे उजेडात धरून एक डोळा मिटून त्याच्या भोकांतून बघितलं. असंख्य वाफे, एकाला एक लागून. तो बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "आई, गाडी म्हणजे आगर न्हाय." पण ते म्हणण्यात जोर नव्हता. निघताना ममताने साडीची पिशवी उचलली तेव्हा म्हणाला, "तुझी ओवाळणी राहिली."

"तू दिलीस की साडी."

"तू मागितलेली."

"मी काही मागितलंच नाही."

"तेच तं," तो म्हणाला. "न मागता द्यायची ती राहिली."

*

नंतरचे पाच दिवस त्याचा फोन नव्हता. ममताने दोनदा हातात फोन घेऊन ठेवून दिला. त्यात एक नापास गाडीवाला सेंटरवर येऊन आरडाओरडा करून गेला. पलीकडच्या सेंटरवर पास झाली ती गाडी, तुझंच मशीन खराब आहे, म्हणाला. खरंच पास झाली असेल. चार बोटं बाहेर ओढून. रात्री तिने नवऱ्याला विचारलं, मी फार ताणतेय का. तो म्हणाला, तुला काय वाटतं? दादाच्या दुकानाची पाटी तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

नऊ तारखेला सकाळी निळी गाडी पंपात शिरली. स्टिअरिंगवर ईश्वरकाका, शेजारी शिवदास. धुतलेला शर्ट, नखांत नेहमीचं काळं.

"हा तुझा भाऊ, ते काही सांगितलं नाहीस तू," काका उतरत म्हणाले. "याने सांगितलं. सगळंच सांगितलं. घरी आला, चहा पण घेतला नाही, आधी म्हणाला, काका मी तुमच्या गाडीची किडनी काढून ठेवली होती."

"किडनी नाय बोललो," शिवदास म्हणाला.

"अरे तेच. मी पोस्टात होतो. चुकीच्या पत्त्यावर गेलेलं पत्र पोस्टमन स्वतः परत घेऊन येतो असं मी चाळीस वर्षांत पाहिलं नाही. म्हटलं या माणसाकडूनच बसवून घ्यायचं."

नवा डबा दुसऱ्या एका कंपनीचा होता, शोरूमच्या जवळजवळ अर्ध्या किमतीचा, आणि बसवायची मजुरी शिवदासने घेतली नव्हती. कागद त्याने प्लास्टिकच्या पिशवीत, शर्टाच्या आत ठेवला होता. त्याने तो काढून बहिणीच्या टेबलावर सरळ केला. मॉडेलचं नाव, मान्यतेचा नंबर, शिक्का. ममताने नेहमी वाचायची तसा शेवटपर्यंत वाचला. तिने वाचून होईपर्यंत तो उभाच होता.

मग तिने नळी आणली. धुराड्यात घालताना शिवदास मागून म्हणाला, "पुरती आत घाल."

इंजिन तापेपर्यंत थांबावं लागलं. आकडा आधी वर गेला, एकावर. शिवदासने ओठ दाबला. मग आकडा उतरायला लागला. शून्य पूर्णांक सात. पाच. तीन. दोनवर येऊन थांबला.

ईश्वरकाकांनी चष्मा पुसून परत लावला. "म्हणजे?"

"पास," ममता म्हणाली.

शिवदासने गाडीखाली वाकून आपल्याच टाक्यांवरून एकदा बोट फिरवलं. ममताला त्याच्या वह्यांतल्या ओळी आठवल्या.

*

सतरापैकी बारा गाड्या त्याच्याकडे परत आल्या. त्याने डायरीतून एकेकाला फोन केले. तिघांनी फोनवरच शिव्या दिल्या, त्यातले दोघं शिव्या देऊन झाल्यावर आले. एक गाडी विकली गेली होती आणि नव्या मालकाचा पत्ता लागला नाही. ती गोष्ट शिवदासला अजून टोचते. नाक्यावर महिनाभर त्याची टिंगल झाली. आपण केलेलं काम आपणच फुकट उचकटणारा म्हणून पोरं हाका मारायची. मग डिसेंबरात एक टुरिस्ट गाड्यांचा मालक त्याच्याकडे आला, तीन गाड्या घेऊन. म्हणाला, जो आपण काय खोललं ते स्वतः सांगतो, त्याच्याकडेच गाड्या द्यायच्या.

ममताच्या केबिनच्या खिडकीत आता तो करडा तुकडा ठेवलेला असतो. गिऱ्हाईक विचारतं, ये क्या है मॅडम, आणि ती दाखवते. शांतीबाईला भाईंदरच्या बाजारातून नवी, साधी वज्री आणून दिली आहे. ती म्हणते, त्या पहिलीची सर हिला न्हाय. गल्लीतल्या सुगंधाने आपली अजून परत दिलेली नाही.

शिवदासने जाळी हा शब्द मात्र सोडला. कन्व्हर्टर त्याच्या जिभेवर बसेना. मागच्या आठवड्यात ममता भूमिकाला घेऊन दुकानासमोरच्या सिग्नलला थांबली होती, तेव्हा तो एका गुजराती शेठच्या गाडीखालून हात पुसत बाहेर आला.

"शेठ, वाफा गया है. नया डालना पडेगा. कागजवाला."

"वाफा? वो क्या होता है?"

शिवदासने जमिनीवर बसून खडूने एक चौकोन काढला. त्याला लागून दुसरा, मग तिसरा. "देखो शेठ," तो म्हणाला, "आप नमक खाते हो ना?"

सिग्नल सुटला होता. मागच्या रिक्षाने हॉर्न दिला. ममताने स्कूटर काढली, आणि भूमिकाने तिच्या पाठीवरून डोकं उचलून मागे वळून बघितलं, मामा किती चौकोन काढतोय ते.